केळशीकरांची रेघ

मुकुल केळशीकरांना डांबरी रस्त्याचा राग होता. डांबर दिसलं की त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा व्हायचा. मुलुंड पूर्वेला राहून, विक्रोळीच्या कचेरीत वीस वर्षं नकाशे काढून या माणसाला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी जाड टायरच्या सायकलचं वेड लागलं, आणि तेव्हापासून मुंबईच्या अंगाखांद्यावर कच्चे रस्ते शोधत फिरणं हाच त्यांचा धर्म झाला. बदलापूरच्या पुढे उल्हास नदीच्या काठाकाठाने जाणारी बैलगाडीची वाट त्यांनी शोधली. मुरूम, खडी, चिखल, शेताचे बांध, जे काही गुळगुळीत नाही ते सगळं त्यांना प्रिय. प्रत्येक वाट ते स्वतः दोन-तीनदा चालवून बघायचे आणि मग तिची रेघ अ‍ॅपवर टाकायचे. ती रेघ लोक आपल्या हँडलवरच्या छोट्या पडद्यावर उतरवून घेत आणि तिच्यामागे डोळे मिटून जात. 'केळशीकरांचा रूट' म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं, अशी त्यांची सायकलवाल्यांत ख्याती होती. ते स्वतः हे सांगायचे नाहीत, पण कोणी सांगितलं तर अडवायचेही नाहीत.

त्यांचा सर्वांत लाडका रूट मात्र घराजवळचाच होता, वळणावळणाने तासाभराचा. हायवेच्या पलीकडे, भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये, जुनी मिठागरं बंद पडल्यावर राहिलेला दलदलीचा पट्टा आहे. तिथून खाडीच्या कडेकडेने मातीचा एक बांध जातो. एका हाताला तिवरांची झाडी, दुसऱ्या हाताला उघडं पाणी, थंडीत गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे. बांध दीड किलोमीटरचा. मधोमध एक तुकडा खचलेला आहे, घोट्याएवढा खाली. तेवढा सांभाळून काढला की पलीकडे पुन्हा मुरमाची वाट. मुंबईत राहून असं काही बघायला मिळतं यावर बाहेरचे लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि मुकुलना तेच आवडायचं.

हा बांध त्यांना दाखवला अंबादासने. अंबादास पूर्वी मिठागरावर मुकादम होता. मिठागर बंद झालं तरी तो बांधाच्या तोंडाशी पत्र्याच्या खोलीत राहिला, आता थोडी मासेमारी करतो. त्याच्याकडे मुकुल तीनदा काळा चहा प्यायले होते. पहिल्याच वेळी तो म्हणाला होता, "साहेब, अमावस्या-पुनवेच्या अंगाला दुपारचं इकडं येऊ नका. उधाणाचं पाणी चढतं. तो मधला तुकडा बुडतो, आणि बाजूचा गाळ माणसाला सोडत नाही."

मुकुल हसले होते. "दुपारी कोण येतंय रे बाबा! आम्ही साडेपाचला निघणारी माणसं. नऊला घरी पोहे खायला."

ते खरंच होतं. बारा वर्षांत त्यांनी एकही राईड साडेपाचनंतर सुरू केली नव्हती. त्यामुळे रेघेखाली चढ-उतार, खडीचा आकार, पंक्चरवाला कुठे, चहा कुठे हे सगळं लिहिलं, आणि पाण्याचं एक अक्षर लिहिलं नाही. सकाळी सातला तिथे पाणी नसतंच. सातला ते तिथे असायचे, म्हणजे जग तिथे सातला असायचं, इतका साधा हिशेब होता.

आणि साडेपाचला त्यांना निघता यायचं कारण घरात शुभा होती.

शुभा त्यांची बायको, रुईयातली वर्गमैत्रीण, विमा कंपनीतून नुकतीच निवृत्त झालेली. बारा वर्षं दर रविवारी दाराची कडी आतून तिने लावली, ते परतल्यावर चिखलाचे मोजे तिने बादलीत बुडवले, पोहे तिने टाकले. मुकुल गुलाबी पक्ष्यांचे फोटो दाखवायचे, ती कांदा चिरता चिरता बघायची. "छान आहे रे. मला एकदा ने ना," म्हणायची. "नेतो की," असं ते म्हणायचे. रविवार येत गेले आणि जात गेले.

मग डिसेंबरात मुकुल पडले. खडीवर नाही, दरीत नाही. सोसायटीच्या जिन्यात, नुकत्याच पुसलेल्या लादीवर. गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा बसला, आणि दोन महिने वॉकर धरून संडासापर्यंत जाणं हीच त्यांची राईड झाली. सायकल गॅलरीत उभी. ते तिच्याकडे बघत बसायचे आणि चिडचिड करायचे. चहात साखर कमी, पंखा जास्त, वर्तमानपत्र उशिरा.

एक दिवस शुभाच सायकल खाली घेऊन गेली. आधी कंपाउंडमध्ये चार चकरा, मग गल्लीत, मग सर्व्हिस रोडवर. महिनाभर, ते दुपारी झोपले की, ती हे करत होती आणि मुकुलना पत्ता नव्हता. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी तिने त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "उद्या मी तुझ्या खाडीच्या रूटवर जाणारे. एकटी. बारा वर्षं फोटो बघितले, आता पक्षी बघते."

मुकुलना इतका आनंद झाला की त्यांना काही सुचेना. त्यांनी सीट दोन बोटं खाली करून घेतली, टायरची हवा अंगठ्याने दाबून बघितली, हँडलवरच्या पडद्यावर रेघ उतरवून दिली. "ही जांभळी रेघ दिसते ना? हिला सोडायचं नाही. रस्ता संपल्यासारखा वाटेल, तरी संपत नाही. रेघेवर विश्वास ठेवायचा."

"ठेवते बाबा."

"आणि साडेपाचला निघ. नाहीतर ऊन लागेल."

शुभा हसली. "साडेपाचला? आणि तुझा चहा, तुझ्या गोळ्या, तुला अंघोळ कोण घालणार? नऊला फिजिओ येणार, दार कोण उघडणार? मी आपली टोपी घालून दहाला निघते."

मुकुल म्हणाले, "बरं, टोपी घाल." बस्स, एवढंच म्हणाले.

रविवारी ती निघाली तेव्हा सव्वादहा वाजले होते. पोळ्या डब्यात, आमटी झाकलेली, पाण्याची बाटली मुकुलच्या हाताशी, वॉकर पलंगाला लावलेला. तिने त्यांच्या फोनवर स्वतःचा ठिपका चालू करून दिला. नकाशावर एक निळा ठिपका, आणि तो ठिपका म्हणजे शुभा. मुकुलनी उशीला टेकून फोन छातीवर धरला आणि ठिपक्याबरोबर निघाले. आता ती पुलाखाली असेल, आता डांबर संपलं, आता पहिली खडी. आता हात बधिर होत असतील, सैल सोड म्हणावं. तिच्याबरोबर आपणच चालवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि पडल्यापासून प्रथमच त्यांना बरं वाटत होतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिचा फोटो आला. लांब पाण्यात गुलाबी ठिपके, कोपऱ्यात तिचा अंगठा. खाली लिहिलं होतं, 'झकास! तू एवढी वर्षं मला का नाही आणलंस?' फोटो बांधाच्या तोंडाशी काढलेला होता.

मुकुलनी फोटो तीनदा बघितला. मग पुढच्या आठवड्यात फिजिओ कोणत्या वारी यायचा म्हणाला होता ते बघायला भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे मान वळवली. आजच्या तारखेच्या चौकोनात काळा गोळा होता. अमावस्या.

मग अंबादासचा आवाज त्यांना आठवला, चहाच्या कपासकट.

त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. फोन तिच्या पाठीवरच्या पिशवीत असणार, आणि खाडीवरच्या वाऱ्यात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ठिपका बांधावर शिरला. रेघेवरून, केसभरही न सरकता, अगदी जसं सांगितलं तसा.

"शुभा, थांब गं," ते रिकाम्या खोलीत म्हणाले.

त्यांनी देवेशला फोन केला. देवेश त्यांच्या ग्रुपमधला, भांडुपलाच राहणारा. देवेश म्हणाला, "काका, आम्ही सगळे आज कर्जतला आलोय राईडला, काय झालं?" त्यांनी फोन ठेवला. मग पोलिसांचा एकशे बारा लावला. पलीकडच्या बाई शांत होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "रस्त्याचं नाव सांगा."

"रस्ता नाहीये तो. बांध आहे. मिठागराचा."

"जवळची खूण? देऊळ, शाळा, बिल्डिंग?"

"काही नाही तिथे. खाडी आहे. मी तुम्हाला अक्षांश-रेखांश सांगतो."

"सर, ते आमच्याकडे टाकता येत नाही. गाडी कुठपर्यंत येईल ते सांगा."

गाडी येत नाही, हेच तर त्या रस्त्याचं कौतुक होतं. बारा वर्षं मुकुल मित्रांना अभिमानाने सांगत आले होते की या वाटेला नाव नाही, पाटी नाही. त्यांनी हायवेवरच्या पेट्रोल पंपाचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, गाडी पाठवते. पंपापासून बांध अडीच किलोमीटर आत होता, आणि आत यायचं कुठून हे फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. ते सांगत राहिले, डावीकडे वळा, मोडक्या कुंपणातून, मग एक पिंपळ लागेल, आणि पलीकडून बाई म्हणत राहिल्या, "हां सर, हां सर."

अंबादासला फोन करावा तर त्याचा नंबर नव्हता. तीनदा त्याच्या दारात चहा प्यायले आणि नंबर घ्यावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

अकरा बावन्नला ठिपका थांबला. बांधाच्या बरोबर मध्ये.

मुकुलनी वॉकर ओढला आणि उभे राहिले. कुठे जाणार होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दारापर्यंत गेले, कडी काढली, लिफ्टचं बटण दाबलं, आणि लिफ्ट येईपर्यंत पाय इतका थरथरायला लागला की भिंतीला टेकून खाली बसावं लागलं. लिफ्ट आली, दार उघडलं, दार मिटलं, लिफ्ट गेली. रविवार होता, कोणाच्या तरी घरातून मटणाचा वास येत होता. मुकुल लादीवर बसून फोनकडे बघत होते. ठिपका अगदी किंचित सरकला, रेघेपासून बाजूला, गाळाच्या दिशेने. मग राखाडी झाला. खाली अक्षरं आली: शेवटचं ठिकाण, अकरा अठ्ठावन्न.

त्यानंतरचे दोन तास त्यांनी काय केलं हे सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी काहीच केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या कुंदाताईंनी त्यांना उचलून घरात नेलं, पाणी दिलं, स्वतःच्या मुलाला रिक्षाने पेट्रोल पंपावर पाठवलं. मुलाने फोन केला की इथे पोलिसांची गाडी उभी आहे आणि आत कसं जायचं ते कोणालाच माहीत नाही. मुकुल रडले. मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून, कुंदाताईंसमोर.

दोन वाजून दहा मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी आहे," शुभा म्हणाली. "रडू नकोस. मी आहे."

ती चारला घरी आली. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी चिखल, एका पायात बूट नाही, अंगावर अंबादासच्या बायकोचं, सुंदराबाईचं लुगडं गुंडाळलेलं. सायकल खाडीतच राहिली होती. मधल्या तुकड्यावर पाणी गुडघ्याएवढं होतं तेव्हा ती उतरून चालायला लागली. दहा पावलांत मांडीपर्यंत आलं. मग पाय घसरला, बांध सुटला, आणि गाळाने तिला कमरेपर्यंत आत घेतलं. हाताला तिवराची फांदी लागली ती तिने धरून ठेवली. ओरडत राहिली. अंबादास खोलीच्या मागे जाळी विणत बसला होता, ती बांधावर गेलेली त्याला दिसलीच नव्हती. त्याने ऐकलं, आणि गाळावर पोट टेकून सरकायची त्याची लाकडी फळी घेऊन तो आला. तिला बाहेर काढायला पाऊण तास लागला. तोवर पाणी तिच्या गळ्याशी आलं होतं.

हे सगळं तिने अंघोळ करून आल्यावर, केस पुसता पुसता सांगितलं. मुकुल ऐकत होते. शेवटी न राहवून ते म्हणाले, "पाणी दिसत नव्हतं का गं तुला? मागे का नाही फिरलीस?"

शुभाने टॉवेल खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"दिसत होतं रे. स्पष्ट दिसत होतं. पण तुझी रेघ तिथूनच जात होती ना. मला वाटलं, तू बघितलं असशील."

मुकुलनी त्याच संध्याकाळी रेघ पुसली. अ‍ॅपने विचारलं, नक्की? त्यांनी हो म्हटलं. मग त्यांना खाली आकडा दिसला. हा रूट चारशे बारा जणांनी उतरवून घेतला होता. त्यांच्याकडे तो तसाच होता. काहींनी त्याला नवी नावं देऊन पुन्हा टाकला होता, 'फ्लेमिंगो ट्रेल', 'मुंबई हिडन ग्रॅव्हल', आणि त्या नावांखाली आणखी शेकडो जण. रेघ काढताना ती त्यांची होती. पुसायला गेले तेव्हा ती त्यांची राहिली नव्हती.

त्यांनी सगळ्या ग्रुपांवर लिहिलं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी जाऊ नका, जीव जाईल. खाली अंगठे आले, हात जोडलेली चित्रं आली. एकाने लिहिलं, 'काका, मस्त थ्रिल असेल.' एकाने विचारलं, 'पण रूट परत कधी टाकताय?' मुकुल प्रत्येकाला उत्तर देत बसले. तीन दिवस. मग नवे संदेश येऊन त्यांचा संदेश वर सरकून गेला.

दोन रविवारांनी पौर्णिमा होती. शुभा आणि मुकुल रिक्षाने पेट्रोल पंपापर्यंत आणि तिथून अंबादासच्या पुतण्याच्या टेम्पोत बसून बांधाच्या तोंडाशी गेले. अंबादासने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. मुकुल पट्ट्याचा पाय पुढे ताणून बसले, काठी मांडीवर आडवी. शुभाने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पुढे धोका, भरती. पुठ्ठा वाऱ्याने सारखा पडत होता, शेवटी तिने तो हातातच धरला.

साडेअकराला पाच जण आले. चांगल्या सायकली, चांगली हेल्मेटं. पुढे एक तिशीतली मुलगी होती, घामाने लाल झालेली, हसरी. मुकुलनी काठी आडवी धरली.

"थांबा. पुढे जाऊ नका. पाणी चढतंय, मधला तुकडा बुडणार."

मुलीने एक पाय खाली टेकला. बांधाकडे बघितलं. बांध दिसेल तिथवर कोरडा होता, ऊन पडलेलं, पलीकडे गुलाबी थवा. मग तिने हँडलवरच्या पडद्याकडे बघितलं.

"रूट तर इथूनच जातोय काका."

"चुकीचा आहे तो रूट."

मागचा एक जण हसला. मुलगी मात्र नीट बोलली, मोठ्या माणसाशी बोलतात तशी. "अहो काका, साधासुधा रूट नाहीये हा. केळशीकरांचा आहे. ते स्वतः तीन-तीनदा चालवून बघतात. त्यांची रेघ चुकत नाही."

"मीच आहे तो," मुकुल म्हणाले. "मीच केळशीकर. मी चुकलोय. ही माझी बायको, ही इथे बुडत होती."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. प्लास्टिकची खुर्ची, काठी, पायाचा पट्टा, दाढीचे खुंट, शेजारी पुठ्ठा धरून उभी असलेली बाई. तिच्या चेहऱ्यावर दया आली.

"हो का?" ती हळुवार म्हणाली. "बरं काका. आम्ही जपून जातो हं."

ती काठीला वळसा घालून पुढे गेली. बाकीचे चौघे तिच्यामागे गेले. "अहो, ऐका! ऐका ना!" शुभा पुठ्ठा टाकून त्यांच्यामागे धावली, पन्नास पावलं, मग वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. सायकलींखाली माती करकरत होती, मुकुलचा आवडता आवाज. पाचही जण रेघ अजिबात न सोडता एका ओळीत चालले होते.

मुकुल उठायला गेले आणि पुन्हा खुर्चीत बसले. अंबादासने खाडीकडे एकदा बघितलं. भिंतीला टेकवलेली फळी त्याने खांद्यावर घेतली आणि तो त्या पाच जणांच्या मागून चालायला लागला.